मीच पास केलेला पंखा

आमच्या गाडीच्या डाव्या सीटखाली एक पंखा आहे. बशीएवढा, काळा. तो आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही, कारण शेंद्र्याच्या ज्या कारखान्यात ह्या सीटा बनतात तिथंच मी अकरा वर्षं तपासणीला उभी आहे. तरी वेगवेगळी माणसं मला सांगत होती, की मॅडम, तुमच्या गाडीत पंखा नाही. एकीनं तर 'तुमचा गैरसमज झाला असेल' असं गोड आवाजात सांगितलं. गैरसमज! पोटच्या लेकराला आई ओळखत नाही म्हणण्यासारखंच झालं हे.

माझं काम काय, ते आधी सांगते. सीट तयार होऊन माझ्यापुढं येते. मी ती उलटी करते आणि खालचे वायरींचे जोड बघते. नियम एकच, पहिल्या दिवशी शिकवला तोच. दाबा, टक् आवाज ऐका, ओढून बघा. तिन्ही झाल्याशिवाय मार्कर उचलायचा नाही. झालं की जोडावर ठिपका द्यायचा. प्रत्येकीचा रंग ठरलेला, म्हणजे उद्या काही निघालं तर कुणाचं पाप ते कळतं. माझा हिरवा. घाईत हात ओढला जातो म्हणून माझ्या ठिपक्याला खाली बारीक शेपूट येतं. लाइनवरच्या पोरी म्हणतात, ताई, तुमचा ठिपका नाही, कैरी आहे.

पूर्वी सीटा दोन तऱ्हेच्या यायच्या, पंख्याच्या आणि बिनपंख्याच्या. महागड्या गाडीला पंखा, साध्या गाडीला नाही. दिसायला दोन्ही सारख्याच, त्यामुळं घोळ व्हायचा आणि बोलणी आम्ही खायचो. वैतागून मी एकदा सूचनेच्या पेटीत चिठ्ठी टाकली, की एकदाचा सगळ्यांनाच पंखा बसवा आणि आमचं डोकं सोडा. पुढं वर्षभरात खरंच तसं झालं. माझ्या एकटीच्या चिठ्ठीनं गाडीवाली कंपनी हलली असं मी म्हणत नाही, तेवढी खुळी नाही मी. पण टाळ्या वाजवून मला स्टीलची बाटली दिली गेली. तेव्हापासून एकच सीट, एकच पंखा, सगळ्या गाड्यांना. मी खूश. कपाळ माझं!

आता नवऱ्याचं सांगते, कारण सगळं त्यांच्यासाठीच चाललं होतं. हे वाळूजला ॲल्युमिनियम वितळवून भाग ओतायच्या कारखान्यात होते. दोन वर्षांपूर्वी तेलाचा पाइप फुटला आणि पाठीवर गरम तेल आलं. मानेपासून कमरेपर्यंत. मांडीची कातडी काढून पाठीवर लावली. जखमा भरल्या, पण लावलेल्या कातडीला घाम येत नाही. घाम नाही म्हणजे आतली गरमी बाहेर पडायला वाटच नाही. उन्हाळ्यात पाठ कशाला टेकून बसले की अर्ध्या तासात तोंड लाल, मग भोवळ. गंमत म्हणजे त्या कातडीला स्पर्शही कळत नाही. माशी बसली तरी पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, पाठीला वारा लागला पाहिजे, बास. ओला टॉवेल लावायचा नाही, कातडी मऊ पडून फाटते. बाजारातलं पंख्याचं कव्हर आणून बघितलं, त्याच्या जाळीनं दोन ठिकाणी सोलवटलं. घरी टेबलफॅन मागं लावून हे जेवायला बसतात.

हे दवाखान्यात होते त्याच महिन्यात सोयगावला सासरे गेले. अग्नी धाकट्या दिरानं दिला. ह्यांना आम्ही चार दिवसांनी सांगितलं. हे भिंतीकडं तोंड करून पडले आणि एकच बोलले, "अण्णांना पाणीबी पाजता आलं नाही मला."

आमच्या सोयगावकडं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, वर छोटं मडकं, त्यावर खरबूज, आणि मुलानं गेलेल्याचं नाव घेऊन पाणी घालायचं. दुपारच्या बाराच्या आत. पहिल्या वर्षीची घागर दिराला भरावी लागली, कारण हे तेव्हा दुसऱ्या ऑपरेशनसाठी पालथे पडले होते. सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "थोरल्याच्या हातचं पाणी पोचल्याबिगर त्ये तहानलेलेच ऱ्हातील बग." रागानं नव्हत्या म्हणाल्या. पण हे त्या दिवशी जेवले नाहीत. मग ठरलं, की यंदाची घागर ह्यांनीच भरायची, काही होवो. एसटीत बसायचं म्हणजे पाठ टेकणं आलं. म्हणून सीटला पंखा असलेली गाडी.

आणि इथं मी माती खाल्ली.

जालना रोडच्या शोरूममध्ये इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलो. गाडी तीच, जिच्या सीटा मी रोज पास करते. विकणारा पोरगा चांगला होता बिचारा. म्हणाला, "मॅडम, सरांना पाठीचा त्रास आहे तर वरचं मॉडेल घ्या. बेसमध्ये सीटला हवा येत नाही."

मी हसले. त्याला म्हटलं, "दादा, ही सीट कुठं बनते माहितीय का तुला? पंखा सगळ्या सीटांना असतो. मी बसवून घेते."

तो म्हणाला, "असेल मॅडम, पण बेसमध्ये येत नाही."

मला वाटलं, महागडी गाडी गळ्यात मारतोय. हे माझा पदर ओढून म्हणाले, "अगं, तो म्हणतोय तर ऐक ना." मी ह्यांनाच गप्प केलं. अकरा वर्षं सीटा उलट्या करतेय मी, आणि हा टाय लावून मला शिकवतो! बेस मॉडेलच घेतलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारखीला बघूनच म्हटलं असणार.

गाडी घरी आली. पेढे वाटले. ह्यांना डाव्या सीटवर बसवलं आणि मी समोरच्या स्क्रीनवर पंख्याचं चित्र शोधायला लागले. एसीचं चित्र आहे, गाण्याचं आहे, पावसाचं आहे. सीटचं नाही. मला काय वाटलं असेल? जोड ढिला असणार! तपासणीवाल्या बाईला दुसरं काय सुचणार. साडी खोचली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि पार्किंगमध्ये सगळ्या सोसायटीसमोर सीटखाली डोकं घातलं.

जोड पक्का होता. दाबला, ओढला, तसूभर हलला नाही. आणि त्यावर हिरवा ठिपका. शेपटासकट.

दिवसाला शेकडो सीटा जातात हातावरून, त्यातली नेमकी माझ्याच हातची माझ्याच दारात आली होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी नाचले असते. त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली. पंखा आहे, वायर आहे, जोड आहे, जोड बरोबर असल्याची माझी निशाणी आहे. आणि फिरत नाही. का? तर त्याला आतून परवानगी नाही.

हे मला सर्व्हिस सेंटरच्या साहेबानं समजावून सांगितलं. सामान सगळ्या गाड्यांत एकच असतं, कुणाचं काय चालू ठेवायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं. ॲपवर पॅक घ्या, कंपनी तिकडून कुलूप उघडते, पंखा सुरू. महिन्याचा घ्या नाही तर कायमचा.

मी विचारलं, "पंखा माझ्या गाडीत आहे ना?"

"हो."

"गाडी माझी आहे ना?"

"हो मॅडम."

"मग घर माझं आणि कुलूप तुमचं, हा कुठला न्याय?"

तो म्हणाला, "पॉलिसी आहे." ह्या एका शब्दापुढं कुणाचं काही चालत नाही. त्याला तरी काय बोलणार, तोही माझ्यासारखाच, वरून आलेलं बसवणारा.

घरी येऊन मी तणतणले. मेले तरी पॅक घेणार नाही म्हटलं. हे म्हणाले, "नको घेऊ. जाऊ दे." ते 'जाऊ दे' मला लई लागलं. चूक माझी, आणि सोडून देणार हे. आखाजीला पंधरा दिवस राहिले होते. गुपचूप पॅक घेतला महिन्याचा.

ॲपनं लिहिलं, विनंती मिळाली, गाडी नेटवर्कमध्ये ठेवा. आमचं पार्किंग तळघरात, तिथं कसलं नेटवर्क! गाडी वर आणून रस्त्यावर लावली. वॉचमन रोज विचारायचा, ताई, गाडी उन्हात का? मी म्हणायची, वाळवतेय. चार दिवस वाळवली. मग फोन आला. गोड आवाजाची मुलगी.

"मॅडम, आपली विनंती पूर्ण होऊ शकली नाही. आमच्या रेकॉर्डप्रमाणे आपल्या मॉडेलमध्ये सीटचा पंखा बसवलेलाच नाही."

मी म्हटलं, "अगं बाई, पंखा आहे. मी तपासलाय."

"आपला गैरसमज झाला असेल मॅडम."

"माझ्या हातचा ठिपका आहे त्यावर! हिरवा! फोटो पाठवू का?"

"ग्राहकानं काढलेला फोटो चालत नाही मॅडम. आमचे इंजिनिअर बघून पंखा असल्याची खात्री करतील."

"मग पाठव त्यांना."

"सणानंतरची तारीख मिळेल."

म्हणजे बघा. पैसे घेताना पंखा होता. द्यायची वेळ आली तेव्हा पंखा नाही. आणि तो आहे की नाही हे ठरवायला कुणी इंजिनिअर येणार, तो काय बघणार? माझा ठिपका. दुसऱ्या दिवशी लाइनवर मार्कर हातात घेतला आणि मला हसू आलं, रडू आलं, काय आलं कळेना. बाजूची म्हणाली, ताई, तब्येत बरी आहे ना?

आखाजी आली. पहाटे पाचला निघालो, म्हणजे ऊन चढायच्या आत सोयगाव. गाडी मी चालवत होते. फुलंब्रीपर्यंत झकास. ह्यांनी नवा पांढरा सदरा घातला होता आणि मांडीवर खरबूज घेऊन बसले होते, लेकरू घेतल्यासारखं. सिल्लोडच्या अलीकडं रस्ता खोदलेला, एकाच बाजूनं वाहतूक, आणि त्याच एका बाजूला उसाचा ट्रेलर आडवा झालेला. पुढं गाड्या, मागं गाड्या. सात वाजले, आठ, नऊ. समोरच्या काचेतून ऊन आत आलं. एसी होता, पण एसीचा वारा छातीवर. पाठ सीटला. हे पुढं वाकून, डॅशबोर्डला दोन्ही हात टेकून बसले. असं किती वेळ बसणार माणूस? कंबर गेली की मागं टेकायचे, टेकले की तोंड लाल व्हायला लागायचं, की परत पुढं. खाली उतरावं तर बाहेर भट्टी, सावलीला झाड नाही.

पावणेदहाला रस्ता सुटला. सिल्लोड मागं पडलं. गोळेगाव यायच्या आत हे म्हणाले, "गाडी फिरव."

मी बघितलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे. "दारात आलोय आपण," म्हटलं.

"नाही व्हायचं माझ्यानं. फोन लाव त्याला. भरेल तो घागर. गेल्या साली भरलीच की."

हे बोलताना त्यांनी मांडीवरचं खरबूज उचलून मागच्या सीटवर ठेवलं. ते ठेवलेलं मला बघवलं नाही. मी गाडी फिरवली नाही. रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान होतं, पुढं पत्र्याची सावली, तिथं आत घातली. दुकानवाल्या चाचांना म्हटलं, पाणी द्या आणि पंखा असला तर ह्यांच्या पाठीकडून लावा. चाचांनी त्यांचा कुलर ओढून ह्यांच्या मागं केला. दहा मिनिटांत ह्यांचं तोंड निवळलं. पण कुलर काही गाडीत येत नव्हता, आणि पुढं तासाभराची वाट, अजिंठ्याचा घाट, बाराची वेळ.

मग माझं डोकं फिरलं. खरं तर तेव्हाच ठिकाणावर आलं.

डिकीत टायरमध्ये हवा भरायचं यंत्र होतं, गाडीच्या सॉकेटमध्ये लावायचं. त्याची वायर बारा व्होल्टची. सीटखालचा पंखा बारा व्होल्टचा. दोन तारांचा साधा पंखा, कोणती तार कुठं जाते ते मी झोपेत सांगीन. चाचांना पकड आणि काळी टेप मागितली. गाडी बंद केली आणि सीटखाली शिरले. एअरबॅगचा पिवळा जोड बाजूला आहे, त्याला हात लावायचा नाही, हे मी शंभर पोरींना ओरडून शिकवलंय. मी माझा हिरव्या ठिपक्याचा जोड धरला.

चाचा वाकून बघत होते. म्हणाले, "बाजी, कंपनी का माल है ये. उनो पकडे तो?"

मी आतूनच म्हटलं, "चाचा, कंपनी की तरफ से पास करनेवाली मैंच हूँ."

अकरा वर्षांत मी जोड दाबलेत. सोडवला एकही नव्हता. खिट्टी उचलून तो ओढला तेव्हाही तसाच टक् आवाज झाला. हवेच्या यंत्राची वायर तोडली, दातांनी सोलली, टोकं बसवली, टेप गुंडाळली. गाडी चालू केली, सॉकेटमध्ये पिन घातली. सीटच्या छिद्रांवर हात ठेवला.

वारा. गार नाही, नुसता वारा. पण होता!

मी गाडीच्या दारात बसून रडले. चाचा म्हणाले, "चला बाजी, घागरी का टाइम जातंय." त्यांना घागरीचं ह्यांनीच सांगितलं असणार. पकडीचे पैसे द्यायला गेले तर त्यांनी हात जोडले आणि मागच्या सीटवरचं खरबूज उचलून ह्यांच्या मांडीवर दिलं.

घाट उतरला. मी विचारलं, "वारा लागतोय का?" तर म्हणाले, "पाठीला कुठं काय कळतं माझ्या? पण डोकं शांत हाय." साडेअकराला सोयगावच्या दारात उभे होतो. दिरानं घागर धुऊन ठेवली होती, पाणी घातलं नव्हतं. ह्यांनी अण्णांचं नाव घेतलं आणि पाणी घातलं. अर्धं पाणी बाहेर सांडलं. सासूबाई खांबाला धरून बघत होत्या, आणि घागर भरून वाहायला लागली तरी हे ओततच होते.

आमरसाच्या वाटीवर हात असताना माझा मोबाइल वाजला. अभिनंदन! आपल्या सीटचा पंखा सुरू करण्यात आला आहे. इंजिनिअर आला नाही, तारीख नाही, काही नाही. तिकडं कुणाला काय वाटलं आणि कुलूप उघडलं. आणि इकडं सीटखाली जोड सोडवलेला लोंबतोय! मी मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाईंना अर्धंच कळलं, पण जे कळलं त्यावर त्या म्हणाल्या, "वरातीमागून घोडं." सगळे हसले. हे सगळ्यात जास्त. मला मात्र हसू येईना, मी रागानं दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

ऊन उतरल्यावर निघालो. ह्यांच्या अपघातानंतर सासूबाई शहरात येऊन गेल्या होत्या, पण पाठीकडं त्यांनी कधी बघितलंही नव्हतं. दुखंल म्हणायच्या, आणि लांब बसायच्या. आता गाडीपर्यंत आल्या. हे वाकून खरबुजाची फोड, लोणच्याची बरणी, काय काय मागच्या सीटवर लावत होते. सासूबाई मागून आल्या आणि त्यांनी हळूच ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. सदऱ्यावरून, अख्खा तळवा. मला म्हणाल्या, "तापल्याली नाय की गं."

हे आपलं बरणी नीट बसवत होते. ह्यांना कळलंच नव्हतं.

मी म्हटलं, "अहो. आईंनी पाठीवर हात ठेवलाय."

ह्यांचे हात थांबले. बरणी तशीच धरून, अर्धे गाडीत, अर्धे बाहेर, हे वाकलेलेच राहिले. कंबर दुखत असणार. पण सासूबाईंनी हात काढेपर्यंत हे हलले नाहीत.